लोकप्रतिनिधींचा पगार किती असावा, आणि तो ठरवावा कोणी?

जुने_दप्तर

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या पारावर एक तरुण तावातावाने सांगत होता की, आमदार-खासदारांना एक रुपयाही पगार देऊ नये, कारण राजकारण ही सेवा आहे आणि मोबदला मागणारा सेवक कसला. बसलेल्यांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो, कारण माझे उत्तर लांबलचक होते आणि एसटीची वेळ झाली होती. ते उत्तर येथे मांडतो.

मी एकतीस वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. पगार, मानधन आणि भत्ता हे तीन शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरत असलो, तरी रोकडवहीत त्यांची खाती वेगळी असतात आणि त्यांच्यामागचा विचारही वेगळा असतो. म्हणून आधी आकडे पाहू. खासदारांना १९५४ च्या कायद्याने दरमहा ४०० रुपये वेतन सुरू झाले. २०१० मध्ये ते १६ हजारांवरून ५० हजार झाले, २०१८ मध्ये एक लाख झाले आणि मार्च २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने १ लाख २४ हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. याशिवाय मतदारसंघ भत्ता ८७ हजार, कार्यालयीन खर्च ७५ हजार आणि अधिवेशनातील हजेरीच्या प्रत्येक दिवसाचे अडीच हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात आमदारांचे वेतन प्रधान सचिवांच्या मूळ वेतनाशी जोडलेले आहे; १ लाख ८२ हजार २०० रुपयांच्या त्या मूळ रकमेवर महागाई भत्ता, दूरध्वनी, टपाल आणि संगणकचालक यांचे पैसे धरले, तर एकूण आकडा अडीच लाखांच्या पुढे जातो. (स्थानिक विकास निधीचे पाच कोटी हे आमदारांच्या खिशात जातात, अशी समजूत पारावर अजूनही आहे. तो निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो आणि आमदार केवळ कामे सुचवतात. त्या कामांचे ठेकेदार कोण असतात, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

आता खालच्या टोकाला येऊ. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावातील सरपंचाला २०१९ पासून दरमहा ३ हजार रुपये मानधन होते. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने ते ६ हजार झाले. आठ हजारांवर लोकसंख्या असेल तर १० हजार. उपसरपंचाला यांहून बरेच कमी, आणि साध्या सदस्याला मानधनच नाही, सभेला हजर राहिल्याचा बैठक भत्ता तेवढा मिळतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो दोनशे रुपये होता.

त्या दोनशे रुपयांची एक गोष्ट सांगतो. माझ्या शेवटच्या गावात राखीव जागेवरून निवडून आलेल्या एक बाई होत्या. घरी जमीन नव्हती आणि रोजाने कामाला जाणे हाच चरितार्थ होता. मासिक सभा सकाळी अकराची असे. कोरम व्हायला साडेबारा वाजत. कांदा काढणीच्या दिवसांत मजुरांची गाडी सकाळी सातलाच वेशीवरून निघे, म्हणजे सभेचा दिवस हा पूर्ण बुडालेला दिवस. त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणत, "भाऊसाहेब, सही आत्ताच घ्या, रोज बुडतो." सभेआधी सही घेणे नियमात बसत नव्हते, त्यामुळे मी नाही म्हणत असे आणि त्या बसून राहत. दोनशे रुपयांचा तो भत्ता ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून द्यायचा, आणि घरपट्टीची वसुली झाली नाही की स्वनिधीत खडखडाट. आठ-आठ महिने तो थकत असे. दुसरीकडे ज्यांचे स्वतःचे ट्रॅक्टर होते, ते सदस्य भत्त्याची चौकशीही करत नसत. एका सदस्याने तर "माझा भत्ता देवळाला द्या" असे सांगून टाळ्याही मिळवल्या.

पारावरच्या तरुणाला मला हेच सांगायचे होते. बिनपगारी सेवेचा आग्रह ऐकायला उदात्त वाटतो. प्रत्यक्षात तो ट्रॅक्टरवाल्याला परवडतो आणि कांदा काढणारीला परवडत नाही. माझे मत असे आहे की, आमदार-खासदारांचा आजचा पगार फार नाही. त्यांचे निवृत्तिवेतन मात्र चुकीच्या पद्धतीने दिले जाते, आपला पगार आपणच ठरवण्याची रीत त्याहून चुकीची आहे, आणि खालच्या लोकप्रतिनिधींना जे मिळते त्याला पगार म्हणणे ही थट्टा आहे. आपणा सर्वांचे काय मत आहे?

साधी_राहणी

आपला अनुभव बोलका आहे, तरीही मी त्या तरुणाच्या बाजूने उभा आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला होता की, विशेष तज्ज्ञ वगळता राज्याच्या कोणत्याही सेवकाचे वेतन सामान्यतः दरमहा ५०० रुपयांच्या वर असू नये. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपयेच घेतले. त्याच सचिवालयातील आयसीएस, म्हणजे ब्रिटिश सनदी सेवेतील, अधिकाऱ्यांना त्याच्या कितीतरी पट वेतन होते. हाताखालचा अधिकारी अधिक कमावतो म्हणून त्या मंत्र्यांचा अधिकार कमी झाला नाही. आज मात्र आमदारांना प्रधान सचिवांची बरोबरी हवी आहे. ज्या दिवशी लोकप्रतिनिधी स्वतःला अधिकाऱ्याच्या तराजूत तोलू लागला, त्या दिवशी तो लोकांचा राहिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय आताच्या लोकसभेतील शेकडा ९० हून अधिक सदस्य त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांनुसार कोट्यधीश आहेत. त्यांना पगार कशासाठी?

कलम_वाचक

साधी_राहणी यांनी दिलेला दाखला खरा आहे, पण त्यातील एक भाग त्यांनी सोडला. १९३७ च्या मंत्र्यांना ५०० रुपये वेतन होते आणि त्याशिवाय घरासाठी व मोटारीसाठी वेगळी तरतूद होती. म्हणजे वेतन आणि भत्ता यांची जी फोड आज आपल्याला खटकते, तिची सुरुवात त्या साधेपणाच्या काळातच झाली होती. दुसरे असे की, त्या पिढीतील बहुतेक मंत्री वकील होते किंवा घरचे बरे होते. पगार नको म्हणणे त्यांना शक्य होते, यात त्यांचा त्याग होता हे मी मान्य करतो. परंतु भूमिहीन मजूर त्या मंत्रिमंडळांत का नव्हता, याचेही उत्तर काही अंशी तेथेच आहे.

कोट्यधीशांना पगार कशाला, हा प्रश्न उलटा करून पाहावा. पगार नसता तर उरलेले दहा टक्केही दिसले नसते. इंग्लंडमध्ये १८३८ च्या सनदवाद्यांच्या, म्हणजे कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीच्या, सहा मागण्यांपैकी एक मागणी संसद सदस्यांना वेतन मिळावे ही होती, आणि ती मागणी कामगारांची होती, जमीनदारांची नव्हे. जमीनदारांना बिनपगारी संसद सोयीची होती. तेथे वेतन सुरू व्हायला १९११ साल उजाडले. त्याआधी कामगारांचे सदस्य कामगार संघटनांच्या वर्गणीवर जगत. १९०९ मध्ये न्यायालयाने रेल्वे कामगारांच्या एका प्रकरणात संघटनेचा पैसा अशा कामी वापरण्यास मनाई केली आणि मजूर पक्षाचे सदस्य उघड्यावर पडले. त्यानंतर वर्षाला ४०० पौंड वेतन मंजूर झाले.

आपल्याकडे संविधानाच्या कलम १०६ ने खासदारांचे आणि कलम १९५ ने आमदारांचे वेतन त्या त्या सभागृहाने कायदा करून ठरवावे असे म्हटले आहे. घटनाकारांना दुसरा मार्ग नव्हता, कारण सरकारने म्हणजे मंत्रिमंडळाने आमदारांचा पगार ठरवला, तर विरोधी बाकांवरील सदस्याच्या गळ्यात दोरी अडकली असती. पण त्याचा परिणाम असा झाला की, घेणारा आणि देणारा एकच ठरला.

ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळाने पावसाळी अधिवेशनाच्या अखेरीस वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर केले आणि सुमारे ७५ हजारांचे एकूण वेतन १ लाख ७० हजारांच्या घरात गेले. त्यातील खरी मेख वाढीच्या आकड्यात नव्हती. वेतन प्रधान सचिवांशी जोडल्यामुळे पुन्हा विधेयक आणण्याची गरजच उरली नाही. वेतन आयोग आला की मूळ रक्कम वाढते, महागाई भत्ता जाहीर झाला की वरची रक्कम वाढते, आणि सभागृहात कोणालाही हात वर करावा लागत नाही.

तिसरी_खुर्ची

मी चार वर्षे एका आमदारांच्या कार्यालयात काम केले. नाव, पक्ष आणि जिल्हा सांगणार नाही; विचारू नये ही विनंती. पहिल्या खुर्चीवर साहेब, दुसरीवर त्यांचे स्वीय सहायक आणि दाराजवळच्या तिसरीवर मी.

सकाळी सात वाजता दार उघडले की माझ्यापुढे तीन फायली असत. पहिली शिफारसपत्रांची, दुसरी दवाखान्याची आणि तिसरी लग्नपत्रिकांची. पहिल्या फाईलला पैसे लागत नसत, फक्त लेटरहेड लागे. दवाखान्याच्या फाईलमध्ये धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा आणि मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी यांसाठीचे अर्ज असत; त्यांतले काही मार्गी लागत, परंतु रुग्ण आज दाखल आहे आणि निधीचा निर्णय यायला वेळ आहे, या मधल्या काळातील औषधांचे पैसे नातेवाईक साहेबांकडेच मागत. ते "नाही" म्हणू शकत नसत. तिसरी फाईल सर्वांत महागडी होती. वैशाखातील एका दाट तिथीला आमच्याकडे त्रेचाळीस पत्रिका आल्या होत्या. साहेब स्वतः अकरा ठिकाणी गेले, बाकी ठिकाणी कार्यकर्ते गेले, आणि प्रत्येक ठिकाणी पाकीट गेले. पाकिटांवर नावे मी घालत असे. त्यानंतर दहीहंडी, गणपती, नवरात्र, क्रिकेटचे सामने, हरिनाम सप्ताह आणि शाळेचे स्नेहसंमेलन. वर्गणीच्या पावतीपुस्तकांनी माझा एक खण भरलेला असे.

आता हिशेब पाहा. शासन संगणकचालकासाठी आणि स्वीय सहायकासाठी पैसे देते. आमच्या कार्यालयात आम्ही सात जण होतो आणि दोन गाड्या रोज फिरत. एका पेट्रोल पंपावर खाते होते, महिन्याच्या शेवटी त्याचे बिल माझ्याकडे येई, मी ते दुसऱ्या खुर्चीकडे सरकवत असे आणि पुढच्या महिन्यात खाते कोरे झालेले असे. ते कोण फेडत होते, हे मी कधी विचारले नाही. माझा स्वतःचा पगारही शासनाकडून येत नव्हता. तो एका बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीतून येत होता, जेथे मी कागदोपत्री पर्यवेक्षक होतो.

म्हणून "पगार वाढवला की भ्रष्टाचार कमी होईल" असे कोणी म्हटले की मला हसू येते, आणि "पगार बंद करा" असे कोणी म्हटले तरी तितकेच येते. साहेबांचा अधिकृत पगार पाकिटांच्या फाईललाही पुरत नव्हता. विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची कायदेशीर मर्यादा आहे. ती पाळून निवडून आलेला आमदार मी पाहिलेला नाही, आणि माझ्या साहेबांना मी वाईट माणूसही म्हणणार नाही. मागणारे आम्हीच होतो. ज्या पारावर तो तरुण बोलत होता, त्या पारावरच्या सप्ताहाची वर्गणी कोणी दिली होती, हे जुने_दप्तर यांनी एकदा विचारून पाहावे.

चहाची_टपरी

मग सिंगापूरसारखा भरमसाठ पगार देऊन टाकावा आणि वर्गणी मागणाऱ्याला कायद्याने बंदी करावी. दोन्ही प्रश्न सुटले. (अर्धे गमतीने लिहिले आहे, अर्धे नाही.)

पूर्वेकडचा_प्रवासी

सिंगापुरात सोळा वर्षे राहत असल्याने यावर लिहिणे भाग आहे. येथे मंत्र्यांचे वेतन देशातील सर्वाधिक कमावणाऱ्यांच्या उत्पन्नाशी सूत्राने जोडण्याची पद्धत १९९४ पासून आहे. तर्क असा की, हुशार माणसाने खासगी नोकरी सोडून यावे आणि आल्यावर त्याला लाचेचा मोह होऊ नये. २०११ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना मतदारांची नाराजी जाणवली आणि त्यानंतर समिती नेमून २०१२ मध्ये हे वेतन बरेच खाली आणले गेले. तरीही आज नवा मंत्री वर्षाला सुमारे ११ लाख सिंगापूर डॉलर घेतो आणि पंतप्रधान २२ लाख.

मोह गेला का? ऑक्टोबर २०२४ मध्ये माजी वाहतूक मंत्री एस. ईश्वरन यांना मौल्यवान भेटवस्तू स्वीकारल्याप्रकरणी आणि न्यायाच्या कामात अडथळा आणल्याप्रकरणी बारा महिन्यांची शिक्षा झाली. यावरून पद्धत फसली असे मी म्हणणार नाही, कारण येथील तपास यंत्रणेने विद्यमान मंत्र्याला पकडले आणि न्यायालयाने सरकारी वकिलांनी मागितलेल्या मुदतीपेक्षा अधिक शिक्षा दिली. माझे निरीक्षण इतकेच आहे की, येथे स्वच्छता टिकवणारी गोष्ट पगार नसून पकडले जाण्याची खात्री आहे, आणि ती खात्री भारतात विकत घेता येत नाही.

शिवाय येथील माझ्या खासदाराकडे कोणी लग्नाची पत्रिका घेऊन जात नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी ते इमारतीखाली बसतात, माणसे रांगेत येतात आणि पत्र लिहून घेऊन जातात. तिसरी_खुर्ची यांची पहिली फाईल येथेही आहे. उरलेल्या दोन नाहीत.

खडू_फळा

मला पगाराविषयी तक्रार नाही, निवृत्तिवेतनाविषयी आहे, आणि ती मी रागाने लिहीत आहे हे आधीच सांगते.

मी २००८ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या आम्हा सर्वांना जुने निवृत्तिवेतन नाही. आमच्या पगारातून कपात होते, ती बाजारात गुंतवली जाते आणि अखेरीस जे मिळेल ते मिळेल. मार्च २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो, तेव्हा सभागृहातून आम्हाला राज्याच्या तिजोरीवरील भाराची आकडेवारी ऐकवली गेली. ती आकडेवारी खोटी नव्हती. पण ऐकवणारे कोण होते? एकदा निवडून आलेल्या आमदाराला आयुष्यभर दरमहा ५० हजार रुपये निवृत्तिवेतन, पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी त्यात भर, आणि त्यानंतर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. पुढे तोच माणूस खासदार झाला, तर खासदारकीचे निवृत्तिवेतन वेगळे. ज्या सभागृहाने आमच्यासाठी २००५ ची रेघ ओढली, त्याने ती स्वतःच्या दारासमोर का ओढली नाही? माझ्या वर्गातील चौथीच्या मुलांना "समान नियम" हा धडा शिकवताना मला दर वर्षी हे आठवते.

माझी एक सहशिक्षिका निवृत्तीआधीच गेली. तिच्या घरच्यांना काय मिळायचे याची चौकशी करायला मी तिच्या मुलासोबत कार्यालयात तीनदा गेले. खिडकीवरच्या माणसाने तिसऱ्या खेपेला सांगितले की, तुमचा अर्ज वरच्या टेबलावर आहे आणि वरचे टेबल प्रशिक्षणाला गेले आहे.

कलम_वाचक

खडू_फळा यांचा राग रास्त आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मुद्दा वाटतो त्याहून बळकट आहे. कलम १०६ मध्ये वेतन आणि भत्ते हे शब्द आहेत. निवृत्तिवेतन हा शब्द नाही. खासदारांचे निवृत्तिवेतन १९७६ च्या दुरुस्तीने आले. सुरुवातीला किमान कार्यकाळाची अट होती, ती पुढे गळून पडली आणि आता कितीही अल्पकाळ सदस्य राहिलेल्यास ते मिळते. सध्या किमान रक्कम ३१ हजार आहे. याला लोकप्रहरी या संस्थेने आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये ती याचिका फेटाळली आणि हा विषय संसदेच्या अखत्यारीतील आहे असे मानले. म्हणजे न्यायालयाचे दार बंद आहे आणि विधिमंडळाचे दार आतून लावलेले आहे.

तरीही ते कधीच उघडत नाही असे नाही. पंजाबने २०२२ मध्ये कायदा बदलून, जितक्या वेळा निवडून आले तितक्या पटीत वाढणारे निवृत्तिवेतन बंद केले आणि एका माजी आमदाराला एकच निवृत्तिवेतन ठेवले. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यांना निवृत्तिवेतन नाकारणारे विधेयक मंजूर केले. त्यामागे तत्त्व किती आणि ताजा राजकीय हिशेब किती, हे वाचणाऱ्याने ठरवावे. उत्तर प्रदेशात तर १९८१ पासून मंत्र्यांचा प्राप्तिकरसुद्धा राज्याची तिजोरी भरत होती, आणि ती प्रथा २०१९ मध्ये वृत्तपत्रांत गाजली तेव्हा बंद झाली. अडतीस वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण रक्कम लहान होती.

पगाराच्या बाबतीतही रक्कम लहानच आहे. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ असे ३६६ सदस्य, प्रत्येकी दरमहा तीन लाख धरले, तरी वर्षाचे सुमारे १३२ कोटी होतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा आहे. शंभर रुपयांतले दोन पैसेही नाहीत. त्यामुळे पगार वाचवून तिजोरी भरेल, हा युक्तिवाद कोणी करू नये.

साधी_राहणी

रक्कम लहान आहे म्हणूनच नैतिकतेची परीक्षा तेथे होते. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या वेळी खासदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात झाली, तेव्हा त्या पैशाने रुग्णालये उभी राहणार नव्हती हे सर्वांना माहीत होते. तरी ती कपात योग्य होती असे मला वाटते. मात्र कांदा काढणाऱ्या बाईंचे उदाहरण वाचल्यापासून "एक रुपयाही नको" हे माझे म्हणणे मी मागे घेतो. ज्याच्या प्रतिज्ञापत्रात कोटींची मालमत्ता आहे त्याने स्वतःहून नाकारावे, एवढेच म्हणेन.

टेम्सकाठचा

स्वतःहून नाकारण्याचा मार्ग लंडनमध्ये फसलेला मी पाहिला आहे. २००९ मध्ये येथील खासदारांच्या खर्चाची बिले वृत्तपत्राने फोडली. एकाने वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च दाखवला होता, दुसऱ्याने तळ्यातील बदकांसाठी बांधलेल्या घरकुलाचे बिल लावले होते. पगार वाढवण्याचे धैर्य नव्हते म्हणून वर्षानुवर्षे भत्ते सैल सोडले गेले, आणि त्याचे हे फळ होते. महाराष्ट्रातील भत्त्यांची यादी वाचताना मला ती बदके आठवतात.

त्यानंतर वेतन ठरवण्याचे काम संसदेकडून काढून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिले गेले. २०१५ मध्ये त्या प्राधिकरणाने वेतन ६७ हजारांवरून ७४ हजार पौंड केले. अनेक खासदारांनी वाढ नको म्हणून निवेदने काढली, पण ती नाकारण्याची सोय नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये हे वेतन ९३,९०४ पौंड झाले. कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे पगार प्राधिकरण थेट कर्मचाऱ्यांच्या खात्यात भरते, खासदाराच्या हातून पैसा जात नाही, आणि प्रत्येक खर्चाची नोंद संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिसरी_खुर्ची यांना बांधकाम कंपनीत पर्यवेक्षक व्हावे लागले नसते.

लोक खूश आहेत का? अजिबात नाही. दर एप्रिलला वाढ जाहीर झाली की येथेही तुमच्या पारासारखीच चर्चा रंगते. फक्त "त्यांनी स्वतःच वाढवून घेतली" हे वाक्य कोणाला म्हणता येत नाही.

जुने_दप्तर

सर्वांचे आभार. तिसरी_खुर्ची यांच्या सांगण्यावरून काल पारावर चौकशी केली. सप्ताहाची वर्गणी तीन जणांनी दिली होती, तिघेही पुढच्या निवडणुकीचे इच्छुक. मंडप चौथ्याचा होता.

टेम्सकाठचा यांनी सांगितलेले प्राधिकरण आपल्याकडे आणता येईल, परंतु त्यावर नेमणूक कोण करणार हा प्रश्न लगेच येतो, आणि निवृत्त अधिकाऱ्यांची आणखी एक सोय लागण्याची भीती मला अनुभवाने वाटते. त्यापेक्षा सोपी वाट अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या दुरुस्तीत आहे. प्रतिनिधींनी आपला पगार बदलला, तर तो बदल पुढची निवडणूक होईपर्यंत लागू होत नाही. ही दुरुस्ती १७८९ मध्ये सुचवली गेली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली, म्हणजे चिकाटी दोनशे वर्षांची हवी. आपल्याकडे यासाठी घटनेला हात लावण्याचीही गरज नाही. वेतनाच्या कायद्यात "पुढील विधानसभेपासून" हे दोन शब्द घातले तरी भागते. पूर्वलक्षी प्रभावाऐवजी उत्तरलक्षी, एवढाच फरक.

आमदारांच्या कार्यालयाचा खर्च वाढवावा, पण तो कर्मचाऱ्यांच्या खात्यात थेट जावा, हे मला पटले. निवृत्तिवेतन खडू_फळा यांना ज्या नियमाने मिळते त्याच नियमाने आमदारांनाही द्यावे. आणि ग्रामपंचायत सदस्याचा बैठक भत्ता स्वनिधीवर न सोडता शासनाने द्यावा, तोही त्या दिवशीच्या शेतमजुरीच्या रोजाइतका. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, त्यामुळे हा खर्च आमदारांच्या पगारापेक्षा मोठा होईल याची मला कल्पना आहे. तो व्हावा असेच मला वाटते.

एका वाचकाने व्यक्तिगत निरोपात विचारले आहे की, त्या बाई पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या का. नाही राहिल्या. त्यांची मुदत संपली त्या वर्षी मार्चअखेर वसुली बरी झाली आणि मी थकलेले भत्ते काढले. त्या घाटाखाली ऊसतोडीला गेल्या होत्या, म्हणून त्यांची मुलगी पैसे न्यायला आली. सात सभांचे चौदाशे रुपये होते. दुसऱ्याच्या नावाची रक्कम मुलीच्या सहीवर देणे नियमात बसत नव्हते. या वेळी मी दिली.